ओघळ

रंगवलेली कुठलीही वस्तू समोर आली की आबांचा आधी अंगठा चाले, मग डोळे. नवं कपाट असो, शेजाऱ्यांची स्कूटर असो, सत्यनारायणासाठी मागून आणलेला चौरंग असो; अंगठ्याचं पेर खालून वर जायचं, मग आडवं फिरायचं, कुठेतरी अडायचं आणि आबा म्हणायचे, “इथं हात थांबलाय.” त्या जागी तिरक्या उजेडात बघितलं की खरोखरच रंगाचा ओघळ दिसे, नाहीतर ब्रशचा एखादा केस रंगाखाली अडकलेला असे.

आबा म्हणजे माझे आजोबा. जन्म १९३१चा. पणजोबा नांदेडकडून मीटर गेजच्या गाडीने हैदराबादेत काचीगुड्याला उतरले आणि स्टेशनापासून फार लांब न जाता अंबरपेठेत राहिले. आबा विवेकवर्धिनीत मराठी शिकले, गल्लीत उर्दू आणि तेलुगू शिकले, आणि अठराव्या वर्षी बसच्या वर्कशॉपमध्ये रंगारी म्हणून लागले. निझामाच्या रेल्वेने १९३२ साली २७ बसगाड्यांवर रस्ता वाहतूक सुरू केली होती, त्याच खात्यात. पुढे राज्य बदललं, खात्याचं महामंडळ झालं. आबांच्या हातातला ब्रश तोच राहिला. बसच्या नंबरात येणारं ‘झेड’ हे अक्षर निझामाच्या आईच्या, झहरा बेगमच्या, नावावरून आलं असं हैदराबादेत सगळेच सांगतात. आबांनी ते किती हजार वेळा काढलं असेल कोण जाणे. गप्पा मारता मारता ते झेड काढत आणि त्याची मधली तिरपी रेघ कुठे जाड-बारीक होत नसे.

मीही हाताच्याच धंद्यातली. इमारतींची मॉडेलं बनवते. सनबोर्ड, ॲक्रिलिक, प्लास्टिक शीट कापून, चिकटवून बिल्डरांना त्यांची न झालेली इमारत टेबलावर उभी करून द्यायची. आबांना माझ्या कामाचा अभिमान होता, पण एक खंतही होती. “तुझ्या इमारती काचेत जातात गं,” ते म्हणत. “हात कुणीच लावत नाही.”

२०१५च्या संक्रांतीनंतर मी त्यांना रिक्षाने चौमहल्ला पॅलेसला घेऊन गेले. चादरघाटच्या पुलावरून मुसी ओलांडताना त्यांनी नेहमीसारखं नदीकडे बघून हात जोडले. डोळ्यांत काचबिंदू होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंबांनी सांभाळायची. कडेचं दिसणं बंद झालं होतं. एका नळीतून बघावं तेवढंच समोरचं दिसे. “नळी आहे तोवर ती पिवळी गाडी बघून घेऊ,” हे त्यांचंच म्हणणं.

ती पिवळी गाडी म्हणजे १९१२ची रोल्स रॉइस सिल्व्हर घोस्ट. सहाव्या निझामाने, महबूब अली खानांनी, मागवलेली. त्या काळी रोल्स रॉइस कंपनी नुसता सांगाडा आणि इंजिन द्यायची. वरची बॉडी गिऱ्हाईक आपल्या मर्जीने दुसऱ्या कारागिरांकडून बांधून घ्यायचं. ही बॉडी लंडनच्या बार्कर कंपनीने बांधली. आत मागची बैठक नेहमीसारखी नाही, उंच केलेली आहे, तख्तासारखी, म्हणजे निझाम बसला की रस्त्यावरच्या शेवटच्या माणसालाही दिसावा. आणि रंग पिवळा, कारण पिवळा हा आसफजाही घराण्याचा रंग. पहिल्या आसफजाहाला एका फकिराने पिवळ्या फडक्यात कुलचे बांधून दिले, म्हणून झेंडा पिवळा आणि झेंड्यावर कुलचा, ही कथा हैदराबादच्या प्रत्येक घरात माहीत असते. आमच्याही होती.

आबा त्या गाडीसमोर पाऊण तास उभे होते. नळीत मावेल तेवढीच गाडी त्यांना एका वेळी दिसत होती. आधी दिवा, मग मडगार्ड, मग दार, मग ते तख्त. मान अगदी सावकाश फिरवून त्यांनी ती तुकड्यातुकड्यांनी जोडली. त्यांच्या लहानपणी, १९३७ साली, सातव्या निझामाच्या रौप्यमहोत्सवाला वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी मिरवणूक पाहिली होती. त्यातलं त्यांना एवढंच आठवत होतं, माणसांच्या डोक्यांमधून सरकत गेलेली एक पिवळी पट्टी. ती हीच गाडी होती का, हे सहा वर्षांच्या मुलाला कोण सांगणार? पण तो पिवळा त्यांना पाठ होता.

“ज्याने मागवली तो यात बसलाच नाही,” परतीच्या रिक्षात आबा म्हणाले. “महबूब पाशा ऑगस्टमध्येच गेले. १९११च्या. गाडी आली नंतर.”

हे मला माहीत होतं. महबूब अली खान गेले तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे होते. त्यांच्यामागे आलेल्या मुलाने ती गाडी समारंभापुरती वापरली. शंभर वर्षांत ती सारी मिळून साडेतीनशेच्या आसपास मैल चालली म्हणतात. आमच्या गल्लीतली दुधाची सायकल महिन्याभरात तेवढं फिरते.

पण आबांच्या मनात निझाम नव्हताच. त्यांच्या मनात बार्करकडचा रंगारी होता.

“तेव्हा स्प्रे नव्हता,” ते म्हणाले. “फवाऱ्याने मारायचा ड्युको रंग नंतर आला, पंचवीस सालाच्या सुमाराला. त्याआधी सगळं ब्रशने. एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, प्युमिस दगडाच्या भुकटीने घासायचा, पुन्हा हात. असे दहा-बारा, कधी जास्ती. आठवडेच्या आठवडे एकच गाडी. मला सांग, इकडे पाशा गेले तेव्हा तिकडे कितवा हात चालू असेल? त्या रंगाऱ्याला कुणी सांगितलं असेल का, की बाबा रे, ज्याच्यासाठी घासतोयस तो गेला?”

मी म्हटलं, “आबा, तुम्हाला ही गाडी मी हातात देते. बारीक. पण हीच.”

ते नुसते हसले. माझ्या मांडीवर त्यांनी अंगठा दाबून ठेवला, रिक्षा घरापाशी थांबेपर्यंत.

माप ठरवलं फुटाला इंच, म्हणजे एकास बारा. आबांना ते लगेच कळलं. गवंडी, सुतार, रंगारी सगळे फूट-इंचाचेच. नकाशा मिळणं शक्य नव्हतं. मी मोजपट्टी काढली ती चाकातून. त्या काळच्या सिल्व्हर घोस्टचं चाक टायरसकट साधारण ३५ इंचांचं, म्हणजे मॉडेलमध्ये जेमतेम तीन. फोटोत चाकाच्या किती पट दार, किती पट बॉनेट, किती पट तख्ताची उंची, असं मोजत एकेक माप कागदावर उतरलं. सांगाडा सागवानी पट्ट्यांचा. बॉडी एक मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटची. मडगार्ड मात्र शीटचे जमेनात, वळण मोडे. मग आबांनी तेलाचा रिकामा डबा कापायला सांगितला आणि पत्रा कसा वळवायचा ते दाखवलं: लाटण्यावर ठेवायचा आणि लाकडी दांड्याने हलके ठोके देत न्यायचा, वाकवायचा नाही. चार मडगार्ड त्यांनी स्वतः वळवले. नळीतून बघत, पण खरं म्हणजे बोटांनीच. पुढच्या दिव्यांना आईच्या शिवणाच्या डब्यातली टिचबटणं लागली. टायर पाण्याच्या नळीचे. तख्ताची गादी माझ्या जुन्या ब्लाउजपीसची.

मार्च संपता संपता गाडी उभी राहिली आणि रंगाची वेळ आली.

आमच्या घराखाली डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. तिथले उस्ताद आबांना फार मानत. कुठल्याही गाडीचा शेवटचा हात झाला की वर हाक मारत आणि आबांच्या अंगठ्याखालून गाडी पास करून घेत. त्यांनी कॉम्प्रेसर आणि लहान गन मला संध्याकाळी वापरायला दिली. मी प्रायमर मारला, बारीक खड्डे पुटीने भरले, सहाशेच्या आणि मग आठशेच्या पाणपेपरने घासलं. राखाडी, गुळगुळीत. आता पिवळा मारणार, तेवढ्यात आबा म्हणाले, “राखाडीवर?”

“प्रायमर राखाडीच असतो, आबा.”

“आधी चमच्यावर मार.”

आइस्क्रीमचे दोन प्लास्टिकचे चमचे घेतले. एकावर राखाडी, एकावर पांढरा, दोन्हींवर तोच पिवळा, तेवढेच हात. वाळल्यावर शेजारी ठेवले. पांढऱ्यावरचा पिवळा झेंडूसारखा उमलला होता आणि राखाडीवरचा कच्च्या लिंबासारखा हिरवट मारत होता. काळ्यासारखे गडद रंग खालचं झाकून टाकतात. पिवळ्याच्या अंगात ते नाही. त्याच्यातून उजेड आरपार जातो आणि खालून जे असेल ते घेऊन परत येतो. हे मला शाळा-कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हापासून माझ्या टेबलावर चमच्यांचा एक डबाच असतो.

पांढरा मारला. मग पिवळा. एप्रिलमधली कोरडी संध्याकाळ, गन बोटांत बसली होती, पहिले दोन हात उत्तम गेले. तिसऱ्याला मी थोडी जवळ गेले. डावीकडच्या पुढच्या मडगार्डवर रंग जास्त पडला आणि माझ्या डोळ्यांदेखत एक थेंब फुगला, घरंगळला आणि काठाच्या जरा वर येऊन थांबला. तांदळाच्या दाण्याएवढा ओघळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गॅलरीत ठेवली. पूर्वेचं ऊन तिच्यावर सरळ येत होतं. आबा समोर बसले आणि त्यांनी चौमहल्ल्यात केलं तसंच केलं: नळी सावकाश फिरवत गाडी जोडली. मग अंगठा. बॉनेट, दार, छप्पर, मग मडगार्ड. अंगठा ओघळावर येऊन थांबला आणि तिथेच मागेपुढे फिरत राहिला.

“इथं हात थांबलाय,” मीच म्हटलं. मला ते आधी म्हणायचं होतं.

“थांबला नाही, घाईत गेलाय.” ते हसत होते. “पण गं, हा उन्हात कसा चमकतोय बघ. मोती लटकलाय.” मग म्हणाले, “आठ दिवस वाळू दे. मग साबणाच्या पाण्यात हजारचा पेपर भिजवून फक्त एवढाच घासू. नाही घासला तरी चालतंय. दे इकडे, मांडीवर ठेव.”

मी नाही दिली. “ओली आहे अजून,” म्हटलं. ओली नव्हती. मला ती ओघळासकट त्यांच्या हातात द्यायची नव्हती. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे ओघळ शोधले त्याला माझ्या हातची गाडी द्यायची, आणि तीत ओघळ? मला वाटलं हा त्यांचा मान आहे. आज मागे वळून बघते तेव्हा दिसतं, त्या सकाळपासून मी गाडीसाठी काम करू लागले होते. आबा त्यात फक्त परीक्षक उरले होते.

आठ दिवसही मला धीर निघाला नाही. त्याच रात्री थिनरचं फडकं घेऊन मी तो ओघळ पुसायला बसले. मडगार्ड पत्र्याचा, थिनर त्याला काही करत नाही. पण फडकं जास्त भिजलं होतं. थिनर मडगार्डावरून निथळून बॉनेटवर गेला, बॉनेट प्लास्टिकचं. रंग सुरकुतला. घाबरून मी तो पुसला, तर खालची शीट चिकट झाली आणि वाळताना तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा उमटल्या. बॉनेट, बाजूचं दार, खालची पट्टी, सगळं गेलं. एका तांदळाच्या दाण्यासाठी निम्मी बॉडी.

आबांना सकाळी सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, “मडगार्ड?”

“ते शाबूत आहेत. कोरे करते.”

“बरं,” म्हणाले. आणि थोड्या वेळाने पुन्हा, “बरं.”

नवी बॉडी कापायला अडीच महिने गेले. मधे कामाच्या दोन मोठ्या ऑर्डरी होत्या, त्यांनाही नाही म्हणता येत नव्हतं. आबा रोज संध्याकाळी विचारत, “कुठवर?” मी सांगे, दार झालं, बॉनेट झालं. ते मान हलवत. त्या वर्षी अधिक आषाढ आला होता. आषाढाचे दोन महिने झाले, आणि निज आषाढात देवीचा बोनालू सण. महांकाळीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ढोलांचा आवाज, बायकांच्या डोक्यांवर हळद-कुंकवाने माखलेली मडकी, वर दिवे, कडुनिंबाची पानं. आबा गॅलरीत बसून खालून जाणारा पिवळा रंग बघत. “हळदीचा वेगळा,” ते म्हणत. “हळद तांबूस. गाडीचा पिवळा तिच्यापेक्षा हलका, पाखरासारखा.”

त्याच दिवसांत मी दुसऱ्यांदा रंग मारायला उतरले. उस्तादांनी आभाळाकडे बघितलं. “बिटिया, हवा में पानी है. आज नक्को.”

मी ऐकलं नाही. सहा महिने होत आले होते. रंग मारला आणि दहा मिनिटांत गाडीवर दुधासारखा ढग पसरला. थिनर भराभर उडतो तेव्हा पृष्ठभाग गार पडतो. गार तांब्यावर पाणी सुटतं तसं दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंगात अडकून पांढुरकं होतं. पावसाळ्यात हे गॅरेजमध्ये रोजचं. उस्तादांनी काही न बोलता सावकाश उडणारा थिनर गनमध्ये भरला, वरून एक पातळ फवारा दिला, आणि ढग विरला. छपराच्या मागच्या कोपऱ्यात तेवढा एक धुरकट डाग राहिला, बोटाच्या नखाएवढा. तो बघायला गाडी खिडकीशी नेऊन तिरकी धरावी लागे.

आबांनी ती माझ्या हातात असतानाच पाहिली. नळी आता पेन्सिलीएवढी झाली होती. “आली की,” ते म्हणाले. “दे आता.”

“छपरावर डाग आहे, आबा.”

“मला दिसत नाही.”

“मला दिसतो.”

हे वाक्य मी बोलले आहे. ते मागे घेता येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

त्यांनी पुढे केलेला हात परत मांडीवर ठेवला. त्या हाताचा अंगठा दुसऱ्या हाताच्या नखावरून फिरत राहिला.

मी पुन्हा सगळा रंग घासून काढला. या वेळी तर मला आणखी एक दोष कळला होता, आणि तो खरा होता. आपण गाडी बारा पट लहान करतो, पण रंग बारा पट पातळ होत नाही. खऱ्या मोटारीवर मिलिमीटरचा दहावा भाग एवढा थर असतो. तेवढाच थर माझ्या गाडीवर बसला तर मापाने तो खऱ्या गाडीवरच्या जवळजवळ सव्वा मिलिमीटरसारखा झाला. दाराच्या कडा बुजतात, फटी भरतात, गाडी साखरेच्या पाकात बुडवल्यासारखी दिसते. मोठ्या गनने हे जमणार नव्हतं. मी एअरब्रश आणला, रंग पाण्यासारखा पातळ केला, मधमाशीच्या पंखाएवढे थर द्यायला शिकले. छोट्या वस्तूवर रंग मूळ रंगापेक्षा गडद भासतो, म्हणून पिवळ्यात किंचित पांढरा घातला. चमच्यांवर चमचे रंगवले. माझ्या कामात मी त्या तीन महिन्यांत जेवढी पुढे गेले तेवढी आधीच्या तीन वर्षांत गेले नव्हते, हे मला नाकारायचं नाही. कारागिराने चांगलं करावं म्हणून झिजावं, याबद्दल माझ्या मनात आजही तिळभर शंका नाही. माझी चूक झिजण्यात नव्हती.

गणपतीत एका सकाळी आबांचा उजवा डोळा लाल झाला, डोकं ठणकू लागलं. धावपळ झाली. डोळ्यातला दाब खूप वाढला होता. तो उतरवला, पण पेन्सिलीएवढी नळी तेवढ्यात मिटली होती. डावा डोळा आधीच गेला होता. आता दिवस आणि रात्र यांतला फरक कळे, खिडकी कुठल्या बाजूला आहे हे कळे. बस.

घरी आल्यावर त्यांनी पहिल्यांदा काही मागितलं ते म्हणजे चहा. गाडीचं नाव काढलं नाही. त्यानंतर त्यांनी “कुठवर?” असं कधीच विचारलं नाही.

मी थांबायला हवं होतं, असेल तशी गाडी नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवायला हवी होती. त्याऐवजी मी अधिक जोमाने लागले. आता तर बोटांनाच कळणार, म्हणजे पृष्ठभाग काचेसारखा हवा, असं मी स्वतःला सांगत होते. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली. पिवळ्याचे अकरा पातळ हात, वर लॅकर, मग दीड हजार आणि दोन हजारचा पेपर, मग पॉलिश. गाडीच्या बॉनेटमध्ये ट्यूबलाइटची सरळ रेघ दिसत होती, कुठेही थरथर नाही. उस्तादांनी ती हातात घेतली नाही. हात पुसून, पाठीमागे बांधून, वाकून बघितली. म्हणाले, “कंपनी का काम है.”

नोव्हेंबरातली सकाळ होती. आबा गॅलरीत त्याच खुर्चीवर, ऊन अंगावर घेत. मी गाडी त्यांच्या मांडीवर ठेवली. चौमहल्ल्याच्या फेरीला दहा महिने झाले होते.

अंगठा निघाला. रेडिएटरपासून बॉनेट, बॉनेटवरून दार. दाराची फट त्यांना लागली, ते “वा” म्हणाले. छपरावरून मागे, खाली, तख्तापर्यंत बोट आत घालून. गादीचं कापड चाचपलं. दिव्यांची टिचबटणं. सगळं बघून अंगठा डावीकडच्या पुढच्या मडगार्डवर आला आणि तिथे फिरू लागला. वर, खाली, काठाशी, पुन्हा वर. कपाळावर आठी आली. त्यांनी गाडी फिरवून दुसरा मडगार्ड चाचपला, मग पुन्हा पहिला.

“ही ती नव्हे,” आबा म्हणाले.

“तीच आहे, आबा. मडगार्ड तर तुम्हीच वळवलेले.”

“वळण माझंच आहे.” अंगठा अजून शोधत होता. “पण मी बघितली ती ही नव्हे. तिला इथं ओघळ होता.”

मला काही बोलता येईना.

“तुला सांगू का,” ते म्हणाले, अगदी साध्या आवाजात, “नंतरचं मला फारसं दिसलंच नाही. आषाढातली नुसती छाया बघितली. एप्रिलातली तेवढी पुरी बघितली मी. उन्हात. तिच्या मडगार्डवर मोती होता, तो अजून दिसतो. डोळे मिटले की आधी तो दिसतो, मग त्याच्या मागून गाडी येते.” त्यांनी काचेसारख्या मडगार्डवर तळवा ठेवला. “ही गुळगुळीत आहे. चांगली आहे. पण हिच्यात पिवळा कुठून आणू?”

अकरा हातांपैकी एकही हात मला त्या वेळी आठवला नाही. आठवला तो लंडनमधला रंगारी, ज्याची आबांनी रिक्षात एवढी काळजी केली होती.

मी उठून आत गेले. रंगाच्या डबीच्या तळाशी थोडा पिवळा उरला होता, दाटलेला. आगकाडी त्यात बुडवून बाहेर आणली. गाडी आबांच्या मांडीवरच राहू दिली, एका हाताने जरा तिरकी धरली आणि डावीकडच्या मडगार्डवर, काठाच्या जरा वर, काडी टेकवली. थेंब फुगला, घरंगळला आणि थांबला.

आबांना वासावरून कळलं. “काय केलंस?”

“ओघळ सोडला.”

ते स्तब्ध बसले. हात दोन्ही बाजूंना खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट. खालून गॅरेजचा कॉम्प्रेसर सुरू झाला, बंद झाला. ६ नंबरच्या स्टॉपकडून बसचा हॉर्न आला. थेंब दाट होता, वरून साय धरायलाही त्याला तासभर लागणार होता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

“वाळला?” त्यांनी विचारलं.

“नाही, आबा. आत्ताच तर लावला.”

“हं.”

थोड्या वेळाने, “आता?”

“अजून नाही.”

चाळीस वर्षं त्यांनी वर्कशॉपमधल्या पोरांच्या हातांवर फटके दिले होते, ओल्या रंगाला बोट लावलं म्हणून. घराच्या दाराला रंग दिला की ते स्वतः उंबऱ्यात खुर्ची टाकून पहारा देत. त्या सकाळी मात्र त्यांनी दांडीवरचा उजवा हात उचलला, मडगार्डचा काठ बोटांनी हुडकला आणि त्या ओल्या थेंबावर अंगठा टेकवला.

मी तो ठसा घासला नाही. गाडी आता माझ्या कामाच्या टेबलावर असते, काचेबाहेर. येणाऱ्या मुलांना मी ती उचलून हातात देते, आणि ती सकाळच्या उन्हात तिरकी धरली की डावीकडच्या मडगार्डवर आबांच्या अंगठ्याच्या रेषा दिसतात.